दादा पळायला लागले की

दादा पळायला लागले की पहिल्यांदा माझ्या पावलाला कळतं, कानाला नंतर. स्टेजवर मी त्यांच्या डाव्या हाताला, झांजेला अगदी खेटून उभी असते. बेस गिटार गळ्यात, उजवं पाऊल ठेका धरून. कडव्याच्या मध्यावर कधीतरी ते पाऊल आणि दादांचा मोठा ड्रम यांच्यात फट पडते. आधी केसाएवढी, मग बोटभर. आणि मग मला वाजवता वाजवताच ठरवावं लागतं, की त्यांच्यामागे पळायचं की आहे तिथंच उभं राहायचं.

बेस वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. माझ्या सोसायटीतल्या एका काकूंनी कार्यक्रमानंतर मला विचारलं होतं, "तुझी ती लांब दांड्याची गिटार, तिचा आवाज येतच नाही का गं?" येतो हो काकू. थांबला की कळतं. ड्रम आणि बेस मिळून गाण्याखाली फरशी घालतात, बाकीचे तिच्यावर नाचतात. ड्रमवाला पळाला आणि मीही पळाले, तर सगळं गाणंच पळतं. पण एकत्र पळतं, आणि निम्म्या लोकांना पत्ताही लागत नाही. मी हटून बसले तर गाणं मधोमध फाटतं, आणि ते बाहेर गाड्या लावणाऱ्या वॉचमनलासुद्धा कळतं. म्हणून मी पळायची. दर वेळी. आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायची, ज्याचा यात काहीही संबंध नव्हता.

चिडायचं कारण सांगते. मी जन्माची उतावळी आहे. सिंहगड रस्त्यावर सिग्नल सुटायच्या आत माझी स्कूटर पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढे असते. समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करते, आणि बहुतेक वेळा चुकीचं. ऑफिसचं काम घरून चालतं, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. एका मीटिंगमध्ये बसून मी दुसरीचं चॅट वाचत असते. जेवण उभ्यानं, ओट्यापाशी. डॉक्टर म्हणाल्या ध्यान करा. डोळे मिटले की मला गॅस चालू राहिल्यासारखा वाटतो. कॉलेजात मुलांच्या बँडमध्ये बेस कोणालाच नको होता म्हणून तो माझ्याकडे आला, आणि तेव्हा शोध लागला की हे एक काम करताना माझं डोकं गप्प असतं. एक सूर वाजवायचा, वाट बघायची, मग दुसरा. वाट बघणं मला आयुष्यात तेवढंच जमतं. दादा पळाले की तेही जायचं.

आमचा ग्रुप जुन्या सिनेमांची गाणी वाजवतो, खुर्चीत बसून ऐकणाऱ्यांसाठी. ग्रुप सरांचा. सर कीबोर्ड वाजवतात. ते नक्की कोणाचे सर होते कुणास ठाऊक, बँकेतून निवृत्त झालेत, पण सगळे सरच म्हणतात. धायरीला त्यांचा फ्लॅट आहे, खाली त्यांच्या वाट्याचं बंद पार्किंग आहे आणि गाडी नाही, म्हणून दर रविवारी तिथं आमची रिहर्सल. दादा दोन वर्षांपूर्वी आले. मूळचे लोणी काळभोरचे, नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तिथल्याच क्वार्टरमध्ये बिऱ्हाड. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मनगट मोकळं, हसणं मोठं, वाजवायला बसले की खुर्चीसकट डोलणारा माणूस. त्यांनी आयुष्यभर वराती आणि गणपतीतले ऑर्केस्ट्रा वाजवलेले. तिथं लय चढली की लोक शिट्ट्या मारतात. आमच्याकडे घड्याळ बघतात.

सगळ्यात वाईट अवस्था खिडकीच्या गाण्याची व्हायची. हे आमचं आपसातलं नाव. सिनेमात नायिका खिडकीशी बसून कोणाची तरी वाट बघत ते गाते. अतिशय संथ गाणं. माझी सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की जो सूर येतो त्याच्यावरच ते सुरू होतं, म्हणून माझं लाडकं. पण दादांच्या हाती पडलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत ती बाई वाट बघणं सोडून बस पकडायला निघालेली असायची.

उन्हाळ्यात एका सभागृहात तर हद्द झाली. आमच्या गायिकेला श्वास घ्यायला जागाच उरली नाही, तिनं अख्खी एक ओळ गिळली. कार्यक्रम संपल्यावर पांढरा झब्बा घातलेले एक आजोबा काठी टेकत स्टेजपाशी आले आणि सरांना म्हणाले, "छान झालं. पण आपल्याला पुढं कुठं जायचं होतं का?"

सर कसनुसे हसले. दादा मागे झांजा पिशवीत भरत होते, त्यांनी ऐकलं. आजोबा गेल्यावर मला हळूच म्हणाले, "पोरी, आपण पळालो का गं?"

"थोडंसं, दादा."

"कळंनाच बघ मला. हात चालतोय तवा बरोबर वाटतं. लई बरोबर वाटतं." एवढा दांडगा माणूस, पण हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मला त्यांचा राग आलेला होता, आणि आता त्यांच्यावर रागावताही येईना, म्हणून मी आणखी वैतागले.

मग सरांनी उपाय काढला. पावसाळाभर दादांच्या कानात एक यंत्र, त्यात एकसारखी टिकटिक, आणि त्या टिकटिकीबरोबर वाजवायचं. जगभर ड्रमवाले असंच वाजवतात, सर म्हणाले. वाजवत असतील. दादा आधीसारखेच पळायचे, मग टिकटिक मागं राहिली हे ध्यानात आलं की कचकन ब्रेक मारायचे. पूर्वी नुसती लय चढायची, आता गाणं ठेचकाळायला लागलं. त्यांचं हसणं गेलं. डोलणं गेलं. गाणं संपलं की सरांच्या तोंडाकडे बघायचे, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. मला ते बघवायचं नाही आणि ऐकवायचं तर त्याहून नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. दादा पळायचे ते कायम एका जागेपर्यंत, म्हणजे एका ठरावीक वेगापर्यंत. तिथं पोचले की मग हलायचे नाहीत, खुंटा ठोकल्यासारखे बसायचे. ज्याला लय धरता येत नाही त्याची लय कुठंही भटकते. माझ्या नोकरीत एखादी चूक दर वेळी त्याच जागी येत असेल तर आम्ही कारण शोधतो. इथं मी शोधलं नाही, कारण मला रिहर्सल संपवून घरी जायची घाई असायची.

पावसाळा संपता संपता सरांनी मला पार्किंगच्या दाराशी थांबवलं. "दिवाळी पहाट आपल्या याच सोसायटीत आहे," ते म्हणाले. "कार्यक्रमानंतर मला इथंच राहायचंय. लिफ्टमध्ये रोज ही माणसं भेटणार. ड्रमऐवजी इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणाऱ्या एकाला मी विचारून ठेवलंय."

"आणि दादा?"

"त्यांना तुम्ही सांगा. तुमची जोडी आहे."

"मी का, सर?"

"मी सांगितलं तर त्यांचा अपमान होईल. तुम्ही सांगितलंत तर वाईट वाटेल. त्यातल्या त्यात वाईट वाटलेलं बरं." एवढं बोलून त्यांनी शटर ओढलं.

पुढच्या रविवारी रिहर्सल नव्हती. मी दुपारी खडकीला गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, हेल्मेटच्या आत मोठ्यांदा बोलत होते. क्वार्टरमध्ये शिरले तर अर्धं घर बांधलेलं. दादा त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडून लोणीच्या घरी जायचं होतं. वहिनी, म्हणजे दादांची बायको, जुन्या साडीत भांडी बांधत होत्या. "बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "जरा सांग या माणसाला. एक वस्तू टाकू देत नाहीत मला."

दादा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि मांडीवर एक टेपरेकॉर्डर होता. काळा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. "हा कसा टाकू? सगळं ह्याच्यावर शिकलो मी," ते मला म्हणाले. "शिफ्ट सुटली की जेवण नंतर, आधी हा. उशीवर काठ्या घेऊन बसायचं. आजपण तेच."

मला माझा स्वभाव माहीत आहे. आता बोलले नाही तर चहा होईल, पोहे होतील आणि राहून जाईल. मी म्हटलं, "दादा, दिवाळी पहाटेचं तुमच्याशी जरा बोलायचंय."

"हां! खिडकीचं गाणं घेणार ना सर? थांब, ऐक." आणि त्यांनी बटण दाबलं.

पहिला सूर आला आणि मी गडबडले. माझी मोकळी तार तिथं नव्हती. सूर चढा होता, पुरा अर्धा सूर वर. टेपवरची गायिका नेहमीपेक्षा कोवळी, जरा बारीक आवाजाची. मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं आहे. मी फोनवर तेच गाणं शोधलं. "दोन्ही संगंच लाव की," दादा उत्साहानं म्हणाले, त्यांनी कॅसेट मागे घेतली, आणि आम्ही दोघांनी एकदम बटणं दाबली.

काय कालवा झाला म्हणून सांगू. वहिनी आतून ओरडल्या, "बंद करा ते, शेजारी झोपलेत." पहिली ओळ दोन्हींनी कशीबशी बरोबर काढली. दुसऱ्या ओळीला टेप पुढं गेला. धृपद संपेतो फोनवरची बाई चांगली मागं राहिली होती. दादा डोकं तिरकं करून लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "तुझा फोन मागं पडतोय गं. बॅटरी कमी असंल."

मी खो खो हसले. हसता हसता माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. तर्जनी टेपच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या कडेवर चालली होती, टेपबरोबर, तिळमात्र न चुकता. तीच जागा होती. दर कार्यक्रमात पळत पळत येऊन ते जिथं खुंटा ठोकायचे ती.

"दादा, याची मोटर कधी बदललीय का?"

"लग्नाआधी. जळली होती. जुन्या बाजारातून दुसऱ्या कसल्या तरी मशिनची आणली, बसली तशी बसवली. का?"

मी सांगायला लागले. फोन बरोबर आहे, टेप पळतोय. मोटर जोरात फिरते म्हणून सूरही चढतो आणि लयही. तुम्ही पळत नाही दादा, तुम्ही टेप वाजवताय, आणि एकदम बिनचूक वाजवताय. मी भराभर बोलत होते, हातवारे करत होते. मला खरोखर वाटत होतं की मी फार चांगली बातमी आणली आहे.

दादांनी टेप बंद केला. फोनवरचं गाणं एकटंच चालू राहिलं. ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, बोट हलवलं नाही. मग म्हणाले, "रेडिओवर मला सगळी गाणी मरगळल्यासारखी वाटायची. म्हणायचो, रेडिओवाले झोपा काढत्यात." त्यांनी टेपच्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. "म्हंजे मी ऐकली ती गाणी अशी नव्हतीच?"

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "या टेपबरोबर गाते मी एवढी वर्षं, वरचा सूर कधी म्हणून लागला नाही. आणि हे म्हणणार, तुझा गळाच बसका." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. दादा हसले नाहीत. मी सांगायला आले होते ते न सांगताच उठले.

खाली स्कूटरपाशी उभी राहून मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणजे ते बरोबरच वाजवत होते," सर म्हणाले. "फक्त अर्धा सूर वरच्या जगात."

"हो सर."

"एक रिहर्सल. टिकटिकीशिवाय. मग बघू."

दादा निवृत्त झाले, लोणीला गेले. तिथून मला मधेच कधीतरी फोन यायचा, मी मीटिंगमध्ये असताना हमखास. ते आता रोज फोनवर गाणी ऐकायचे, डॉक्टरनं दिलेलं औषध घ्यावं तशी. "पोरी, आज खिडकीचं गाणं ऐकलं," एकदा म्हणाले. "लई वेळ वाट बघती की गं ती. मला वाटायचं, येतोच हाय तिचा माणूस." मी मीटिंगचा कॅमेरा बंद केला आणि दोन मिनिटं तशीच बसले.

रिहर्सलला त्यांनी कानात काही घातलं नाही. नजर माझ्या उजव्या पावलावर ठेवली आणि सगळी गाणी त्या पावलाबरोबर वाजवली. कपाळावर घाम, ओठ दातांत. फट पडली नाही. शेवटी सर म्हणाले, "दादा, चहा घ्या." सरांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच. पॅडवाल्याला त्यांनी नकार कळवला असावा, कारण तो विषय पुन्हा निघाला नाही.

दिवाळी पहाटेला उजाडायच्या आतच सोसायटीच्या अंगणात खुर्च्या भरल्या होत्या. शाली, कंदील, उटण्याचा वास, कोणाच्या तरी नव्या कुर्त्याला चिकटून राहिलेलं किमतीचं लेबल. दादा लोणीहून मोटरसायकलवर आले, कानाला मफलर, मागे वहिनी, वहिनींच्या मांडीवर झांजांची पिशवी. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. सगळं वेळेवर सुरू झालं.

आणि सगळं बरोबर झालं. एक गाणं हललं नाही. गायिकेला हवा तेवढा श्वास मिळाला, लोक माना हलवत होते, मला पळावं लागलं नाही. मला हवं होतं तेच तर हे. इतक्या दिवसांनी जागेवर उभं राहून वाजवायला मिळत होतं. पण माझा जीव लागेना. मी सारखी दादांकडे बघत होते. ते ताठ बसले होते, डोळे माझ्या चपलेवर, पुसलेल्या फरशीवरून चालावं तसा एकेक ठोका जपून टाकत होते. मनगट मोकळं नव्हतं. एकदाही डोलले नाहीत.

खिडकीचं गाणं शेवटी होतं. तोवर गच्च्यांवर ऊन आलेलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि माझ्या पावलानं उचल खाल्ली. मी ठरवलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. आधी केसभर पुढं, मग आणखी थोडं. दादा माझ्या पावलाबरोबर वाजवतायत, तेव्हा येतीलच. एकदा, एकाच कडव्यापुरतं, त्यांना त्यांच्या जागी न्यायचं, मग सर काय म्हणायचं ते म्हणोत.

फट पडली. दादांनी पावलावरची नजर उचलली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. आले नाहीत. त्यांचा ड्रम होता तिथं राहिला, संथ, न हलता. मी दोन ओळी एकटीच पुढं पळाले. सरांची मान वळली, गायिकेनं डोळे मोठे केले. मग मला परत यावं लागलं, सूर खात, गडबडत, सगळ्यांसमोर. दादांनी ठोका बदलला नाही, मी पोचेपर्यंत. मग गाण्यातली ती बाई शेवटपर्यंत नीट वाट बघत बसली, आणि टाळ्या पडल्या.

सर कीबोर्डवर कापड टाकता टाकता मला म्हणाले, "आज बेसला कुठं जायचं होतं का?" मग दादांकडे वळून, "संक्रांतीनंतर नाट्यगृहात कार्यक्रम आहे. तारीख धरून ठेवा." दादांनी नुसती मान हलवली.

फराळाच्या ताटल्या फिरायला लागल्या. मी वायर गुंडाळत होते. दादा झांजा पिशवीत ठेवत होते, एकेक फडक्यात गुंडाळून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "का पळालीस गं?"

"तुमच्याकडेच येत होते, दादा," मी म्हटलं. "टेपच्या जागेवर."

त्यांनी पिशवीची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली. "मी नाय तिथं आता," ते म्हणाले. "क्वार्टर सोडली तवा टेप तिथंच खिडकीत ठिवून आलो. तिथं कुणीच नाय." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, पत्ता बदलल्याचं सांगावं तसं. सर म्हणाले होते ते वाईट वाटणं शेवटी माझ्या वाट्याला आलं. मला रडायला येत होतं आणि अंगणात सगळी सोसायटी चिवडा खात होती.

वहिनी दोन कप चहा घेऊन आल्या. मी एक उचलला आणि सवयीनं उभ्या उभ्याच प्यायला लागले, एका हातानं वायर गुंडाळत. दादांनी पायानं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस की जरा," ते म्हणाले.

मी वायर खाली ठेवली आणि बसले.